रिमोटची गाडी घ्यायच्या आधी एक शुक्रवार नुसतं बघून या

नाशिकहून भाच्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, आत्या रेसमध्ये कितवी आलीस? आणि मागून वहिनीचा आवाज, अगं एवढ्या मोठ्या माणसांनी रिमोटच्या गाड्या काय खेळायच्या. तर वहिनी, हे तुझ्यासाठीच लिहितेय, आणि ज्यांच्या घरात असं गाड्यांचं वेड लागलेलं पोर आहे त्यांच्यासाठी पण.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर लागला की चार वाजताच अंधार, लेक 11 वर्षांची, बाहेर खेळणं बंद, मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं की जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी आरसी, म्हणजे रिमोटच्या गाड्यांची रेस असते, घेऊन जा तिला. आम्ही उत्साहात आधीच ऑनलाइन गाडी मागवून टाकली, मोठाल्या खडबडीत टायरांची, उड्या मारणारी. आणि तिथे बघतो तर सगळ्या हॉलभर करडं कार्पेट अंथरलेलं, त्यावर जमिनीला चिकटून पळणाऱ्या 1/10 स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, टूरिंग कार्स, सपाट ट्रॅकवरच्या रेसगाड्या. आमची गाडी मातीतली, त्या ट्रॅकवर तिला क्लासच, म्हणजे तसल्या गाड्यांचा गटच, नव्हता. गाडी वाईट नव्हती हो, पण रेसिंग म्हणजे तुमच्यासारखीच गाडी असलेली बाकीची माणसं, ती जिथे असतील तीच गाडी घ्यायची. म्हणून सांगते, आधी क्लब शोधा, एक दिवस नुसतं बघा, विचारा की नवीन लोक काय चालवतात, मग पैसे काढा.

आमच्या क्लबात नवीन लोकांना तामियाची टीटी-02 घ्यायला सांगतात. तामिया म्हणजे जपानच्या शिझुओकाची कंपनी, 1976 साली त्यांनी पोर्शे 934 ची रिमोट गाडी काढली तिथून त्यांचा हा प्रवास सुरू झाला. टीटी-02 किटमध्ये येते, म्हणजे डब्यात सुटे भाग आणि मोटर, आणि रिमोट, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर हे वेगळं घ्यावं लागतं, ते धरूनच हिशोब करा. तीन संध्याकाळी डायनिंग टेबलवर आम्ही दोघींनी ती जोडली. दोन गोष्टी आधी कुणी सांगायला हव्या होत्या. एक म्हणजे तामियाचे स्क्रू जपानी मापाचे, जेआयएस, त्यात आपला घरातला फुलीचा स्क्रूड्रायव्हर नीट बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. दुसरं, किटमध्ये चाकांना प्लास्टिकचे बुश असतील तर जोडतानाच बॉल बेअरिंग टाका, नंतर सगळं परत उघडावं लागतं. बॉडी पारदर्शक असते आणि रंग आतून मारायचा, म्हणून गडद रंग आधी आणि फिका नंतर. लेकीने भगवा आणि पांढरा केलाय.

बॅटरीबद्दल मात्र मी कडक आहे. आमची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी दोन सेलची, 7.4 व्होल्टची, पूर्ण भरली की 8.4. सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरनेच चार्ज करायची, क्षमता 5000 एमएएच असेल तर 5 अँपियरने, आगीला तोंड देणाऱ्या पिशवीत ठेवून, आणि चार्जिंग चालू असताना खोली सोडून जायचं नाही. फुगलेली दिसली तर परत वापरायची नाही. आठवडाभर ठेवायची असेल तर पूर्ण भरून नाही, दर सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवायची.

चालवणं. गाडी आपल्यापासून लांब जाते तोवर सोपं असतं, वळून आपल्याकडे यायला लागली की तिचं डावं ते आपलं उजवं, आणि हात बसेपर्यंत भिंतीवर धडका. लेक रडवेली झाली होती पहिल्या दिवशी. तेव्हा शेजारच्या टेबलवरचे एक आजोबा आले, तिच्या रिमोटवर थ्रॉटल, म्हणजे वेगाची मर्यादा, अर्ध्यावर आणून ठेवला आणि म्हणाले आज फक्त न धडकता पाच मिनिटं पूर्ण कर. रेस पाच मिनिटांचीच असते, वेळ संपली की चालू असलेला लॅप पूर्ण करायचा, गाडीतला ट्रान्सपॉन्डर लॅप मोजतो. तिचे 9 लॅप झाले त्या दिवशी. मार्चपर्यंत 13 झाले, आणि वेग अजूनही पूर्ण उघडलेला नाही, फक्त धडका कमी झाल्यात.

आणि मला जे सगळ्यात आवडतं ते मार्शलिंग. तुमची रेस संपली की गाडी टेबलवर ठेवून लगेच पुढच्या रेससाठी ट्रॅकच्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं, कुणाची गाडी उलटली की मागून येणाऱ्या गाड्या बघून मग धावायचं, सरळ करून ठेवायची, बास. चॅम्पियन असो की पहिल्याच दिवशी आलेली पोरगी, सगळ्यांना उभं राहावं लागतं, जो टाळतो त्याचा आमच्याकडे निकाल कापतात. ज्याला आत्ता हरवायचा प्रयत्न करत होतो त्याचीच गाडी वाकून उचलायची. लेकीने त्या आजोबांची गाडी सरळ केली तेव्हा त्यांनी गाडी चालवायला उभं राहतात त्या मंचावरूनच तिचं नाव घेऊन थँक यू म्हटलं, ती घरी येईपर्यंत तेच सांगत होती. शेवटी सगळे मिळून कार्पेट गुंडाळतात, आम्ही पण.

डिसेंबरात येतोय. भाच्यासाठी किट चेक-इन बॅगेत, बॅटरी हँडबॅगेत, सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत. आमची 37 वॉट-अवरची आहे, 100 च्या आत म्हणून नेता येते, टोकांना टेप लावून. वहिनी, तुझं डायनिंग टेबल तीन दिवस मोकळं ठेव, आणि जेआयएस स्क्रूड्रायव्हर मी आणतेय.