जिरलं का?

शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातून बाहेर पडताना माझ्या डाव्या हाताची मागची बाजू पाहण्यासारखी असते. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत पाच-सहा ठिपके, त्यांतले दोन पांढरे, एक किंचित गुलाबी, एक स्वतःला ‘कांतीच्या रंगाचा’ म्हणवणारा पण माझ्या कांतीशी काहीही नाते नसलेला. आणि अंगठ्याच्या मुळाशी लिपस्टिकच्या तीन रेघा, लहान मुलाने खडू चालतात की नाही हे पाहण्यासाठी ओढाव्या तशा. दुकानातली मुलगी प्रत्येक ठिपक्याबरोबर एक नाव सांगते, मी मान हलवते, आणि स्कूटरचा स्टँड काढेपर्यंत कोणता ठिपका कोणाचा हे विसरून गेलेली असते. घरी आल्यावर आई तो हात स्वतःकडे ओढून घेते, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेते, एकेका ठिपक्यावरून तर्जनी फिरवते आणि निकाल देते, “हे जिरलं. हे नाही जिरलं. आणि हे काय गं, हे तर नुसतं वर बसलंय, खुर्चीच्या टोकावर पाहुणा बसतो तसं.”

गेली काही वर्षे मी रोजच्या वापरातली क्रीम, सनस्क्रीन, काजळ आणि लिपस्टिक एकमेकांशी ताडून पाहते आणि त्यासाठी एक वहीही ठेवते. त्या वहीची पहिली पाने आता मला वाचवत नाहीत, कारण त्यांत मी खोक्यांवरचीच भाषा उतरवून घेतली होती : तेज, पोषण, चोवीस तास ओलावा. या शब्दांनी दोन क्रीममधला फरक सांगता येत नाही, कारण ते सगळ्याच खोक्यांवर असतात. फरक सांगणारे शब्द आईकडे होते आणि ते बहुतेक स्वयंपाकघरातून आलेले होते. तेलकट निराळे आणि ओशट निराळे. तेलकट म्हणजे उघड तेल, तर ओशट म्हणजे घासूनही पातेल्याच्या आत बोटाला लागणारा तो अंश. बुळबुळीत म्हणजे चिरलेल्या भेंडीसारखे, रवाळ म्हणजे चांगल्या कढवलेल्या तुपासारखे, आणि मेणचट हा शब्द तर लिपस्टिकसाठीच घडवला असावा इतका तिथे चपखल बसतो.

या सगळ्यांत ‘जिरणे’ हे क्रियापद मला सर्वांत उपयोगी वाटते. पाणी जमिनीत जिरते, आणि ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे भिंतींवर वाचतच आमची पिढी मोठी झाली. खाल्लेले अन्न जिरते, एखाद्याचा माजही जिरतो. लोणचे मात्र जिरत नाही, ते मुरते, कारण त्याला वेळ लागतो आणि त्यात फोडीचेच रूप पालटते. क्रीम चोळल्यावर ते किती वेळात नाहीसे झाले आणि मागे बोटाला काय लागले, हे आई या एका शब्दात मोजते. मी तिच्या शब्दाला फक्त घड्याळ जोडले : ठिपका चोळल्यापासून त्यावर टिशूपेपर चिकटेनासा होईपर्यंतचा वेळ.

जिरणारे आणि वर बसणारे अशी वाटणी आमच्या जुन्या घरातल्या आरशाखालच्या फळीवरही होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आजीचे कोल्ड क्रीम दिवाळीनंतर बाहेर निघत असे, आणि आत्याचा स्नो लग्नकार्याला जाताना. कोल्ड क्रीमची कृती दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गॅलनच्या नावावर आहे : मधमाश्यांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी. लावल्यावर त्यातले पाणी उडून जाते म्हणून गार वाटते, आणि मेण-तेल मागे राहते. स्नोचा कारभार उलटा. त्यात पाणी पुष्कळ, आणि स्टिअरिक ॲसिड नावाचे मेणासारखे स्निग्धाम्ल, ज्याचा थोडा भाग अल्कली घालून साबणासारखा केलेला असतो. चोळले की त्याचा पांढरेपणा दिसेनासा होतो, म्हणून त्याला व्हॅनिशिंग क्रीम असेही म्हणत. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली सुरू केलेला अफगाण स्नो आपल्याकडे फार गाजला. ‘निव्हिया’ या नावातही लॅटिनमधला बर्फच आहे, पण १९११ मध्ये आलेले ते मूळ क्रीम स्वभावाने स्नो नव्हे. तेलात पाण्याचे थेंब धरून ठेवणारे ते कोल्ड क्रीमच्या गोत्रातले. नावावरून सोयरीक जुळवू नये, असे आजी माणसांच्या बाबतीत म्हणत असे.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी दोन मॉइश्चरायझरांची रीतसर तुलना केली. त्यांची नावे मी घेणार नाही. नाव घ्यायची हौस उखाण्यापुरती पुरे. एकाला डबी म्हणू आणि दुसऱ्याला पंप. डबी १०० ग्रॅमची, २४० रुपयांची, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळणारी. पंप ५० मिलिलिटरचा, ६०० रुपयांचा, ज्याच्या खोक्यात आणखी एक खोके निघते असा. दहा-दहाच्या मापाने हिशेब केला तर २४ रुपये विरुद्ध १२० रुपये. आईने आकडे ऐकून काहीच म्हटले नाही, फक्त पंपाकडे एकदा चष्म्यावरून पाहिले.

तीन आठवडे उजव्या गालाला डबी आणि डाव्या गालाला पंप असा नेम ठेवायचा होता, पण दुसऱ्याच दिवशी लक्षात आले की कोथरूडहून कॅम्पकडे जाताना हिवाळ्यातले सकाळचे ऊन उजव्या अंगाने येते आणि परतताना सूर्य मावळलेला असतो. म्हणजे बिचाऱ्या डबीच्या वाट्याला सगळे ऊन आले असते. तेव्हा दर चार दिवसांनी गाल बदलले. वहीत ‘उ-ड, डा-पं’ अशी टिपणे आहेत, जी पाहून नवऱ्याला मी शेअर बाजारात उतरल्याचा संशय आला होता. या तीन आठवड्यांत ऑफिसातल्या एकाही माणसाला माझ्या दोन गालांत काडीचा फरक दिसला नाही, हे इथे नोंदवणे भाग आहे.

वेष्टनावरची घटकांची यादी वाचायला शिकल्याचा उपयोग या वेळी झाला. ही यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. दोन्हींत पहिले पाणी, दोन्हींत वरच्या तिघांत ग्लिसरीन. त्यानंतर डबीत मिनरल ऑइल, तर पंपात सिलिकोन, ज्यामुळे बोट रेशमावरून घसरल्यासारखे फिरते. पंपाच्या खोक्यावर केशराचे सुरेख चित्र आहे आणि यादीत केशराचा अर्क सुगंधाच्याही मागे उभा आहे. श्रीखंडावर आपण हात आखडता घेऊन टाकतो, त्याहूनही तो कमीच असावा. आंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर निदान टीएफएमचा, म्हणजे एकूण स्निग्धांशाचा, आकडा पाहता येतो, आणि पहिल्या प्रतीच्या साबणात हा स्निग्धांश किमान ७६ टक्के लागतो. क्रीमच्या बाबतीत असा कोणताच एक आकडा हाती लागत नाही, तिथे शेवटी बोटच फिरवावे लागते.

पंप जिरायला माझ्या घड्याळाने दीड मिनिट लागले. डबीला सहा, आणि तरीही ती पूर्ण जिरली असे म्हणवत नाही. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या बाईला ही वरची साडेचार मिनिटे परवडत नाहीत, कारण तिला तोंडाला स्कार्फ गुंडाळायचा असतो. ओशट गालाला स्कार्फचे तंतू चिकटतात, त्यावर हेल्मेटची गादी दाबून बसते आणि डेक्कनच्या सिग्नलपर्यंत त्या बाजूला हवेत गारवा असूनही घामाची बारीक रेघ उतरते. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी पंपाला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळी झाले होते. मग एका दुपारी चारच्या चहाला, ऑफिसच्या एसीत, हसताना पंपाचा गाल ओढला जात असल्याचे जाणवले. दुसऱ्या दिवशी तेच, गाल बदलल्यावरही तेच. डबीचा गाल तोवर मऊच होता. जे चटकन जिरले होते ते दुपारपर्यंत संपलेही होते, आणि जे वर बसून राहिले होते त्याने आतले पाणी उडू दिले नव्हते. मी हे आईला शोध लावल्याच्या थाटात सांगितले. निवडत असलेल्या मेथीवरून मान न उचलता ती म्हणाली, “मग! थंडीत वर बसायलाच हवं. पावसाळ्यात लावून बघ तुझी डबी, माश्या बसतील.” यंदाच्या जुलैत लावून पाहिली. माश्या बसल्या नाहीत, पण दहा मिनिटांत मीच तोंड धुऊन आले. तेव्हापासून वहीतल्या प्रत्येक निकालापुढे मी महिना लिहिते.

सनस्क्रीनने तर जिरण्याच्या कसोटीचीच पंचाईत केली. ते मुळी जिरून कामाचे नाही. त्याचा सलग पापुद्रा त्वचेवर राहिला तरच ते ऊन अडवते. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के, ३० साधारण ९७ टक्के आणि ५० साधारण ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातली त्वचा भाजणारी, किरणे अडवते, म्हणजे ३० आणि ५० मधला जो फरक आपण जास्तीचे पैसे मोजून घेतो तो एखाद्या टक्क्याचा असतो. पण ही मोजणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम सनस्क्रीन लावून केलेली असते. चेहरा आणि मान मिळून ते सव्वा ग्रॅमच्या घरात जाते, तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर लांबच्या लांब दोन रेघा ओढाव्या एवढे. या मापाने पन्नास ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी सहा आठवड्यांत संपायला हवी. माझी पहिली ट्यूब आठ महिने पुरली होती, आणि ‘फार पुरवठ्याला येते’ म्हणून मी ती मैत्रिणींना सुचवतही होते.

मापाने लावायला लागल्यावर त्यांचे खरे गुण दिसू लागले. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन पातळ लावले तर शहाण्यासारखे वागते, पण दोन बोटे भरून लावले की गव्हाळ चेहऱ्यावर राखाडी छटा ठेवून जाते. अशाच एका सकाळी आईने मला दारातच विचारले, “दळण आणायला गेली होतीस का?” तेव्हापासून सनस्क्रीनच्या पानावर ‘गिरणी’ असा स्वतंत्र रकाना आहे. चार ताडून पाहिली. दोन नापास, एक काठावर पास, आणि जे या रकान्यात पहिले आले ते घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबते. बंद हेल्मेटच्या आत डोळा चोळता येत नाही, याचा विचार करून ती बनवत नसावेत.

काजळ, कुंकू आणि लिपस्टिक यांनी जिरू नये आणि पसरूही नये. आजी कपाळाला आधी मेणाचे बोट लावून त्यावर पिंजर टेकवीत असे, आणि चुलीपुढच्या घामातही ते गोल जागचे हलत नसे. आता त्या मेणाचे काम करणाऱ्या वस्तूला प्रायमर म्हणतात आणि ती वेगळ्या कुपीत मिळते. आईने घरी काजळ धरलेले मी लहानपणी पाहिले आहे : एरंडेलाची वात, तिच्यावर दोन वाट्यांच्या आधाराने पालथे घातलेले तांब्याचे ताम्हण, रात्रभर त्याच्या पोटाला जमलेली काजळी आणि सकाळी तिच्यात कालवलेले तुपाचे बोट. ते काळेभोर असे, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत डोळ्यांखाली चांगले अर्धा इंच उतरलेले असे. रोजच्या वापराला साधी पेन्सिल त्याहून कितीतरी सरस आहे. घरचे म्हणून गुण वाढवून देणे मला जमत नाही.

लिपस्टिकची माझी परीक्षा मिसळीची असते. कपाची परीक्षा सगळ्याच जणी घेतात, पण कपाला रंग लागला तर रंग उतरतो एवढेच कळते. तर्री मात्र लिपस्टिकच्या मुळावरच येते, कारण साधी लिपस्टिक म्हणजे बहुतांशी मेण आणि तेल, आणि ते तेल पुष्कळदा आईच्या वातीतले एरंडेलच. तेलाला तेल भेटले की रंग ओठांच्या कोपऱ्यातून वाट काढतो. ओठांवर वाळून बसणारी एक द्रवरूप लिपस्टिक मिसळीला पुरून उरली, पण तिसऱ्या तासाला माझे ओठ उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखे तडकले. तिच्या खोक्यावर तपकिरी ठिपकाही निघाला. शाकाहारी-मांसाहारी ओळखण्याचे हे ठिपके २०१४ पासून आपल्याकडे प्रसाधनांवरही येऊ लागले; लिपस्टिकचा लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढलेल्या कार्माइनचा असू शकतो. हे मी आईला वाचून दाखवले, तेव्हा तिने ती लिपस्टिक आपल्या कुंकवाच्या करंड्याशेजारून उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली.

या थंडीत डबी पुन्हा फळीवर आली आहे आणि शेजारी तळाला आलेला पंप आहे. गेल्या आठवड्यात आईच्या टाचांना भेगा पडल्या. रात्री तिने दोन्ही मागवून घेतले आणि कोणत्या पायाला काय हे मला वहीत लिहायला लावले. पंप चार-पाच वेळा दाबून निघाले तेवढे मी उजव्या टाचेला चोळले, डबीतले बोटभर डाव्या टाचेला, आणि वरून तिचे जुने लोकरीचे मोजे चढवले. पहाटे दूध घ्यायला उठले तेव्हा ती दिवा न लावता पलंगाच्या कडेला पाय लांब करून बसलेली होती.

“मोजे काढून बघ,” ती म्हणाली. “मला वाकवत नाही.”

उजवी टाच कोरडी लागली, आदल्या दिवशी होती तशीच. डाव्या टाचेवरून बोट फिरवले तर भेगेच्या कडा मऊ पडल्या होत्या आणि अजून काहीतरी मेणचट लागत होते.

“हे नाही जिरलं,” मी म्हटले.

“मग राहू दे,” असे म्हणून तिने मोजा चढवण्यासाठी तो पाय पुन्हा पुढे केला.