मुग्धबलाकाच्या पिल्लाने गोगलगाय उघडली, तो दिवस

नागपुरातील ज्या वन्यजीव उपचार केंद्रात मी पशुवैद्यक म्हणून काम करतो, तेथे पावसाळ्याच्या अखेरीस करकोच्यांची पिल्ले येतात. वादळात घरट्याचे झाड कोसळते आणि पंख पुरते न भरलेली पिल्ले लोकांच्या हाती लागतात. आणणारे सद्भावनेने दूध पाजून आणतात आणि त्याने पक्ष्याचे नुकसानच होते. पायांवरचा पांढरा थर त्यांना रोग वाटतो. वास्तविक करकोचे उन्हात अंग थंड राखण्यासाठी स्वतःच्याच पायांवर विष्ठा सोडतात.

गेल्या हंगामात आलेले मुग्धबलाकाचे, म्हणजे मुख्यतः गोगलगाईंवर जगणाऱ्या उघड्या चोचीच्या करकोच्याचे, पिल्लू लवकर सावरले. लांब पायांचा पक्षी फार वेळ धरून ठेवला तर त्याचे स्नायू निकामी होऊन तो पुन्हा उभाच राहत नाही, म्हणून आम्ही त्याला कमीत कमी हात लावला. हाडे मऊ पडू नयेत म्हणून मासे काट्यांसकट दिले. ते पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडू लागताच वरिष्ठांनी त्याला सोडून देण्याचा आग्रह धरला. उडता आले की पक्षी स्वावलंबी झाला, हा समज आमच्या व्यवस्थेत खोल रुजला आहे आणि तो मला घातक वाटतो. घरट्यात आईबाप अन्न ओकून टाकतात, पिल्ले ते टिपतात. कवचातून मांस काढण्याचे काम खरे तर त्यानंतर सुरू होते.

प्रौढाच्या चोचीत दिसणारी फट पिल्लाच्या चोचीत नसते. ती वयाबरोबर तयार होते. ही चोच अडकित्त्यासारखी चालते, असे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी १९६० मध्ये मांडले होते, पण पुढच्या अभ्यासांत ते टिकले नाही. पक्षी वरच्या चोचीने गोगलगाय चिखलात दाबून धरतो, खालच्या चोचीचे टोक तिच्या कवचाच्या तोंडावरील झाकणाखाली सरकवतो, कवचाला धरून ठेवणारा स्नायू कापतो आणि मांस बाहेर ओढतो. कवच बहुधा शाबूत राहते.

मी नागपूरजवळच्या मौद्याकडच्या धानाच्या बांध्यांतून जिवंत गोगलगाई आणून चिखल घातलेल्या उथळ टाक्यात सोडल्या. पिल्लू त्या उचलायचे, झटकायचे, शेंड्याकडून टोचायचे आणि शेवटी माशांची वाट पाहत उभे राहायचे. मग एके दिवशी दोन गोष्टी एकत्र घडल्या. पंखाचे हाड जुळून आलेला एक प्रौढ मुग्धबलाक आम्ही शेजारच्या जाळीत हलवला, आणि पुरवठादाराचे मासे दुपार टळून गेली तरी आले नाहीत. प्रौढाने गोगलगाई काढायला सुरुवात केली, तसे पिल्लू जाळीला खेटून उभे राहिले. काही वेळाने ते आपल्या टाक्याकडे वळले आणि त्याने एक गोगलगाय उलटी केली, तिचे तोंड वर येईपर्यंत. चोच दोनदा घसरली, मांस अर्धे तुटले, पण उरलेले त्याने ओढून काढलेच. सायंकाळी मासे समोर ठेवले, तेव्हाही ते आधी टाक्यातच शोधत होते.

मौद्याच्या बांध्यांत चरणाऱ्या थव्याजवळ आम्ही त्याला सोडले, कारण तेथे पाहण्यासारखे प्रौढ भरपूर होते. पण ते पाहून शिकले की भुकेने शिकले, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. यंदा पिल्लू आले तर मासे वेळेवर देऊन केवळ प्रौढाची संगत द्यायची, असे मी ठरवले आहे. उपाशी ठेवून शिकवावे, असा सल्ला देणाऱ्या सहकाऱ्यांना मी तोवर नकारच देणार आहे.