दोन तासांच्या आत हाफ: नवव्या आठवड्याची नोंद

१२ पैकी ९ वा आठवडा, एकूण ५० किमी. शर्यत डिसेंबरची, हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किमी. ही नोंद २:०१ ते २:०८ (तास:मिनिटं) च्या मध्ये अडकून बसलेल्यांसाठी आहे. पहिल्यांदाच २१ धावणाऱ्यांनी हे आकडे उचलू नयेत.

आधी हिशोब, कारण २:००:४० वाल्यांचं पायांपेक्षा गणितच जास्त वेळा चुकलेलं असतं. ७२०० सेकंदांना २१.०९७५ ने भागलं की किलोमीटरला ५:४१ (मिनिटं:सेकंद) येतात, आणि बरेच जण हाच आकडा मनगटावर धरून धावतात. पण कोर्स मोजणारे सायकलवरून, प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेने, सगळ्यात जवळच्या रेषेने जातात. आपण गर्दी टाळत डावीकडून उजवीकडे, वळणाला बाहेरून. प्रमाणित कोर्स कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्तीचा धरलेला असतो, तो वेगळाच. जीपीएसची चूक त्यात मिळवली की शेवटी घड्याळ २१.३ च्या आसपास दाखवतं. ७२०० भागिले २१.३ म्हणजे ५:३८, आणि तेही कुठे न थांबता.

म्हणून मनगटावर ५:३५ ठेवायचे. २१.३ किमीला १:५८:५५ होतात, म्हणजे हातात ६५ सेकंद. पाण्याच्या चार टेबलांवर प्रत्येकी ८ धरले तर ३२ गेले. सुटलेली लेस, चुकीच्या बाजूने वळलेली रिक्षा यांच्यासाठी उरले ३३. घड्याळाचे २१.३ पाट्यांच्या २१.०९७५ वर वाटले की पाटीमागे ५:३८ पडतात, म्हणून रस्त्यावरच्या पाट्यांशी ताळा असा: ५ किमी २८:११, १० किमी ५६:२२, १५ किमी १:२४:३३, २० किमी १:५२:४४. हे चार आकडे बॉलपेनने हातावर लिहा, घामाने शाईपेन पुसलं जातं. मधल्या पाट्या जागेवर असतीलच असं नाही. एखादी चुकली तर घाबरून वेग बदलू नका, पुढची येऊ द्या. घड्याळावर त्या क्षणाचा पेस (किलोमीटरमागचा वेळ) लावू नका, कडुलिंबाच्या रांगेखाली आणि उड्डाणपुलाखाली तो ५:१० ते ६:१० उड्या मारतो. लॅप पेस लावा, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी.

आठव्या आठवड्यात १० किमीची चाचणी होती. ती ५४:०० च्या आत आली असेल तरच हा बेत पुढे न्यावा. पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याच्या सूत्राने अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ घात घेतला की ५४:०० चे हाफला सुमारे १:५९:०९ होतात. ५५:३० आले असतील तर यंदा २:०२ चं लक्ष्य धरा. १२ व्या किमीला तुटून २:१० करण्यापेक्षा ते बरं.

या आठवड्यात सोमवार आणि शुक्रवार सुट्टी. मंगळवारी १ किमीचे ६ तुकडे ५:१० ने, मध्ये ४०० मीटर हलकं. मागे-पुढे धरून ११ किमी. बुधवारी ६ किमी सोपं, ६:३० ते ६:४५, बोलता येईल असं. गुरुवारी टेम्पो: १० किमी, त्यातले मधले ६ सलग ५:३० ने. शनिवारी ५ सोपं. रविवारी १८: पहिले १२ किमी ६:२० ने, शेवटचे ६ किमी ५:३५ ने.

मंगळवारचा पहिला तुकडा ४:५० ला निघतो आणि पाचवा ५:२५ ला येतो, ही नेहमीची रड. सहाही तुकडे ३ सेकंदांच्या आत असले पाहिजेत. शेवटचा सगळ्यात जलद असला तर उत्तम.

रविवारी खरी गंमत तेराव्या किलोमीटरला. सव्वा तास ६:२० ने धावल्यावर पायांना ५:३५ चा अंदाजच उरत नाही. वेग वाढवायचा म्हटलं की थेट ५:१५ लागतो, आणि सतराव्याला ५:५० येतात. उपाय सोपा आहे: तेरावा ५:४५ ला सोडा, चौदाव्यापासून ५:३५. शर्यतीतही तसंच. सुरुवातीच्या गर्दीत पहिला किमी ५:५० ला गेला तर ते १५ सेकंद पुढच्याच किमीत वसूल करू नका. दहा किमीत दीड-दीड सेकंदाने फेडा.

ऑक्टोबर हीटमध्ये टेम्पो ५:४० च्या खाली आला नव्हता म्हणून कुणी खचलं असेल, तर आता थंडीत तोच जोर ५:३० देतो. घाम वाळतो, रक्ताला कातडी थंड ठेवायला कमी पळावं लागतं. उलटा धोकाही आहे: गार वाऱ्यावर एक चांगला गुरुवार गेला की लोक लगेच १:५५ बोलू लागतात. चाचणीचा आकडा तोच आहे ना, मग लक्ष्यही तेच.

जागा: जळगावच्या मेहरूण तलावाची फेरी आधी स्वतः मोजून घ्या, प्रत्येक घड्याळ वेगळं सांगतं. महामार्ग पहाटेसुद्धा नको, केळीच्या गाड्या त्याच वेळेला निघतात. शेतरस्ता चालेल, पण अवकाळी पडून गेला असेल तर काळी माती बुटाला किलोभर चिकटते. गावाच्या डांबरी रस्त्याला कडेला उतार असतो; रोज एकाच कडेने धावलं की गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. समोरून येणारी वाहनं दिसतील अशी उजवी कडा धरा आणि रहदारी नसेल तिथे मध्यावर या. चढासाठी चाळीसगावकरांना पाटणादेवीची बाजू आहे. बाकी सपाटीवाल्यांना पहाटेचा उड्डाणपूल.

पाण्याचा सराव रविवारी करायचाच. टेबलावरचा पहिला स्वयंसेवक सोडा, सगळी झुंबड त्याच्यापाशीच असते, शेवटच्याकडून घ्या. कागदी ग्लासची कड बोटांनी दाबून चोच करा, दोन घोट, दहा पावलं चाला, फेका, निघा. ८ सेकंद होतात. धावता धावता उघड्या ग्लासातून प्यायलं की अर्धं नाकात जातं आणि ठसक्यात २० सेकंद जातात. नुसतं पाणी ढोसूही नका, रक्तातलं सोडियम पातळ होतं. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट पूर्ण लिटरातच कालवा. अर्ध्या लिटरात घट्ट केलेलं पोटात ढवळतं. एनर्जी जेल ४५ व्या आणि ८० व्या मिनिटाला, पाण्याच्या टेबलाच्या थोडं आधी फोडायची.

केळं निघण्याच्या तासभर आधी एक, ठिपके पडलेलं. हिरवटात स्टार्च जास्त, पचायला वेळ लागतो. शनिवारी रात्री वरणभात किंवा मऊ खिचडी. कळण्याची भाकरी आवडती असली तरी उडीद आणि कोंडा रविवारी सातव्या किमीला हिशोब मागतात. शेवभाजीचं तर नावच नको. अडचण अशी की भरीत पार्ट्यांचा हंगाम आणि शर्यतीचा हंगाम एकच. शेतावर बोलावणं आलंच तर रविवारी दुपारचं घ्या.

शर्यतीचे बूट याच आठवड्यात पायात आले पाहिजेत, म्हणजे त्या दिवसापर्यंत ५० किमी होतात. सुती मोजे ओले होऊन फोड आणतात, नायलॉनचे घ्या. बनियन घासू नये म्हणून छातीला मेडिकलमधला पेपर टेप; तो कोरड्या कातडीवर, व्हॅसलीन लावायच्या आधी, नाहीतर तिसऱ्या किमीला गळून पडतो.

दहावा आठवडा ४० किमी, रविवारी १६, त्यात मधले ८ किमी ५:३५ ने. मंगळवारचे तुकडे सहाऐवजी चार.