तुम्ही विचारलंत म्हणून: समोरच्या कॉर्नरला अण्णा

बॉक्सिंगमधल्या मेवेदर बाप-लेकाचा विषय निघाला की कोणीतरी माझ्याकडे वळतंच. "तुझे वडील तर समोरच्याच्या कॉर्नरला, त्याचे कोच म्हणून, उभे होते ना? राग नाही आला?" इतकी वर्षं मी "तो खेळाचा भाग असतो" एवढं बोलून विषय बदलत आलोय. आज जमेल तेवढं नीट सांगतो.

आधी ते २००७ चं. ५ मे, लास वेगास, ऑस्कर डे ला होया विरुद्ध फ्लॉइड मेवेदर ज्युनियर. ऑस्करचा ट्रेनर २००१ पासून कोण, तर फ्लॉइडचाच बाप. मुलाच्या विरोधात ऑस्करला तयार करायचं तर २० लाख डॉलर द्या म्हणाला. ऑस्करने ते न देता फ्रेडी रोच या दुसऱ्या ट्रेनरला घेतलं. मुलाच्या कॉर्नरला तेव्हा काका रॉजर होता, कारण २००० मध्येच मुलाने बापाला काढून टाकलं होतं. हे काढणं म्हणजे कृतघ्नपणा असं सगळे म्हणतात, पण १९९६ च्या ऑलिम्पिकला पोरगा ब्राँझ आणत होता तेव्हा बाप जेलमध्ये होता आणि पुढे प्रो झाल्यावर सुरुवातीला शिकवत रॉजर होता, हे कोणी मोजत नाही. मी मोजतो, कारण मला माझी बाजू सावरायची असते, हे मला माहितीय.

मी एकोणिसाव्या वर्षी अण्णांना सोडलं. म्हणजे कोच बदलला, बापाला नाही सोडलं, असं मी कित्येक वर्षं म्हणत होतो. ते खोटं आहे. पुण्यात कॅम्पातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आठव्या वर्षापासून ज्या माणसाने रोज संध्याकाळी माझ्या हाताला पट्ट्या बांधल्या, त्याला सांगून मी दुसरीकडे गेलो. कारण खरं होतं. तिकडे रोज माझ्यापेक्षा जड पोरांशी स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, मिळायच्या, आणि अण्णांकडे माझ्या वजनाच्या जवळपासचं एकच पोरगं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "ग्लोव्ह्ज ठेवून जा, शेडचे आहेत." त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या पट्ट्या स्वतः बांधल्या, मनगटाला सैल राहिल्या.

दीड वर्षाने राज्य स्पर्धेच्या सेमीला ड्रॉमध्ये तेच पोरगं समोर आलं. आई म्हणाली, अहो तुम्ही जाऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. अण्णा गेले. वॉर्मअपला बाकावर बसून ते त्याचे हात बांधत होते, मनगटाला तीन वेढे, मग अंगठा, मग परत मनगट, माझे बांधायचे तस्सेच, आणि मी बघायचं नाही ठरवून बघतच होतो.

पहिला राउंड माझा होता, सरळ माझा, जॅबवर जॅब, पुढच्या हाताचे सरळ ठोसे, लागत होते. मग मिनिटभराचा ब्रेक. नवीन कोच मला पाणी पाजत काहीतरी सांगत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होतो. अण्णा पाठमोरे होते. त्यांनी डावा हात पुढे काढला, जॅब मारल्यासारखा, आणि परत आणताना गालाशी न आणता छातीशी आणला, सावकाश, त्या पोराला दिसेल असा. तो मी होतो. अण्णा माझी नक्कल करून दाखवत होते. जॅब मारून झाला की माझा डावा हात खाली येतो, लहानपणापासून येतो, त्यासाठी पॅड धरल्यावर गालावर फटके खाल्लेत मी त्यांचे. मग त्यांनी त्याच्यावरून उजवा काढून दाखवला.

दुसऱ्या राउंडला तो उजवा तीनदा आला. तिसऱ्या राउंडला रेफरीने माझ्यावर आठपर्यंत मोजलं, जोरात ठोसा बसला की थांबवून मोजतात तसं. पुढचं काय सांगायचं, हात त्याचा वर गेला.

घरी एकाच खोलीत जेवलो. अण्णा म्हणाले, "अजून खाली येतोय." मी ताटावरून उठलो.

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो की फ्लॉइडचा बाप विकाऊ, पोराची खोड विकायला काढली त्याने. आता वाटतं २० लाख हा आकडा कदाचित नकार मिळावा म्हणूनच सांगितला असेल, तोंडाने नाही म्हणवेना म्हणून. पण मग फाइट झाल्यावर, तीनपैकी दोन जजनी मुलाला जिंकवलं असताना, तोच बाप ऑस्कर जिंकला असं म्हणाला, त्याचं काय करायचं? आणि २०१३ ला, रॉजरची तब्येत बिघडल्यावर, रॉबर्ट गेरेरोविरुद्धच्या फाइटला तोच बाप परत मुलाच्या कॉर्नरला मुख्य ट्रेनर म्हणून उभा होता, त्याचं काय? लोक मला वेल्सच्या जो कॅलझागी या बॉक्सरचं उदाहरण देतात, त्याचा ट्रेनर त्याचा बाप एन्झोच, बापाला सोड असं लोक सांगत असताना सोडलं नाही आणि ४६ पैकी ४६ जिंकला. हो, जिंकला. पण एन्झोला कधी जोच्या समोर उभं राहायची वेळच आली नाही.

अण्णांचं वागणं कोच म्हणून शंभर टक्के बरोबर होतं. ते पोरगं रोज पहाटे शेडवर यायचं, त्याला अर्धवट शिकवून रिंगमध्ये पाठवलं असतं तर तो अन्याय झाला असता. हे मी मनापासून म्हणतो. आणि मनापासूनच म्हणतो की ती खोड त्यांना कोच म्हणून माहीत नव्हती, बाप म्हणून माहीत होती. पण मला शिकवताना ते या दोन्हीत कुठे रेघ मारत होते, हे मलाच कधी कळलं नाही, तर त्यांना कसं कळणार.

राग आला का विचारता. फ्लॉइडच्या बापाने निदान किंमत तरी सांगितली होती. अण्णा त्या पोराकडून महिन्याची फीसुद्धा घेत नव्हते.