तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट अँड्र्यूजला गोल्फची ओपन स्पर्धा अजून व्हावी का?

पुण्याहून, ठाण्याहून पाहुणे आले की मी त्यांना रविवारी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी नेते. डंडीहून टे नदीवरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात गाव येतं. रविवारी तिथलं ओल्ड कोर्स हे जुनं गोल्फ मैदान खेळाला बंद असतं आणि गावकरी कुत्री, बाबागाड्या, पोरंबाळं घेऊन त्या हिरवळीवर फिरायला येतात. स्विल्कनच्या दगडी पुलावर फोटो काढून झाले की पाहुण्यांचा प्रश्न येतोच. "हे एवढं सपाट, उघडंबोडकं माळरान. हल्लीचे खेळाडू इथे पारपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, वीस-वीस फटके कमी घेतात म्हणे. मग ओपनसारखी स्पर्धा अजून इथे कशाला?" दर वेळी घाईत काहीतरी उत्तर देते. आज नीट सांगते.

व्हावी. पण मैदान जुनं आहे, एवढ्यासाठी नव्हे. नुसत्या जुनेपणाचा मान ठेवायचा तर ओपन प्रेस्टविकला भरायला हवी. पहिली ओपन १८६० मध्ये तिथे झाली आणि पुढे एकूण २४ वेळा झाली. १९२५ मध्ये मॅकडोनाल्ड स्मिथ शेवटच्या फेरीला पाच फटक्यांच्या आघाडीने निघाला, आणि त्या चिंचोळ्या मैदानावर गर्दी त्याच्याभोवती अशी दाटली की त्याने ८२ फटके घेतले आणि हातातली स्पर्धा गमावली. त्यानंतर ओपन प्रेस्टविकला परत गेली नाही. मला तो निर्णय योग्यच वाटतो. मैदानाला स्पर्धा पेलवत नसेल तर इतिहासाच्या नावाखाली ती तिथे रेटू नये. सेंट अँड्र्यूजला ती पेलवते. २०२२ मध्ये, दीडशेव्या ओपनला, तिथे २,९०,००० प्रेक्षक आले होते.

आता त्या वीस फटक्यांचं. त्याच वर्षी कॅमरून स्मिथ २६८ फटक्यांत जिंकला, पारपेक्षा २० कमी. दुसऱ्या दिवशी मला पुण्याहून फोन: "काय गं, तुमचं मैदान तर अगदीच सोपं निघालं!" शेवटच्या दिवशी मी सतराव्या होलपाशी उभी होते (फेरीत असे अठरा टप्पे, प्रत्येकात टी या जागेवरून चेंडू मारत खळगीपर्यंत न्यायचा), म्हणून जे पाहिलं तेच सांगते.

सतराव्याला 'रोड होल' म्हणतात. ग्रीनच्या, म्हणजे खळगीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, पुढे डावीकडे, ग्रीनच्या पोटात शिरलेला एक खोल, उभ्या भिंतीचा वाळूचा खड्डा आहे, रोड बंकर. ग्रीनच्या मागे डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. स्मिथने दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत लागोपाठ पाच बर्डी (होलच्या पारपेक्षा एक फटका कमी) घेतल्या होत्या. इथे मात्र त्याचा दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडेच राहिला, आणि चेंडू व खळगी यांच्या मधोमध तो बंकर. चेंडू वरून उचलावा तर तो पलीकडे रस्त्यावर जाण्याची भीती. त्याने पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून लोटायची काठी, घेतला, बंकरला वळसा घालून चढावरून चेंडू ग्रीनवर लोटला, उरलेलं सुमारे दहा फुटांचं अंतर एका फटक्यात पार केलं आणि पार राखला. अख्ख्या मैदानावर क्षणभर आवाज नव्हता. १९७८ मध्ये टॉमी नाकाजिमाने याच ग्रीनवरून पटरने मारलेला चेंडू घरंगळत याच बंकरमध्ये गेला होता. त्या होलवर त्याने नऊ फटके घेतले.

तीनशे यार्डांहून लांब फटका मारणाऱ्या माणसाला शेवटी काही पावलांच्या चढावर विचार करत उभं राहावं लागलं. त्याच दिवशी रोरी मॅकइलरॉय अठराच्या अठरा ग्रीनवर ठरल्या फटक्यांत पोचला, प्रत्येक ग्रीनवर त्याला पटरचे दोन फटके लागले आणि तो हरला. मग मैदान सोपं कसं म्हणायचं? कमी फटके झाले कारण त्या आठवड्यात वारा शांत होता आणि जमीन वाळून टणक झाली होती. २०१० मध्ये याच मॅकइलरॉयने पहिल्या दिवशी ६३ घेतले आणि दुसऱ्या दिवशी, वारा सुटल्यावर, ८०.

ते माळरान सपाट नुसतं दिसतं, हेही पायाखाली घेतल्याशिवाय कळत नाही. ११२ बंकर आहेत, त्यांतले कित्येक टीवरून दिसतच नाहीत. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे एकाच हिरवळीवर दोन झेंडे. दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, अशी कुठल्याही जोडीची बेरीज करा, १८ येते. फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधले कापलेले पट्टे, इतके रुंद की चेंडू कुठेही मारा, सापडतो. पण चुकीच्या बाजूला पडला तर ग्रीनकडे जायची वाट बंद होते. सतराव्यावर उजवीकडून, हॉटेलच्या कुंपणाला खेटून चेंडू आला तर ग्रीन उघडतं. भिऊन डावीकडे मारला की रोड बंकर आडवा येतो. २००० मध्ये टायगर वूड्स चारही दिवस एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला. ही सगळी आखणी डोक्याने खेळायची आहे. लांबीचा प्रश्न त्यात नंतर येतो.

माझ्या मनात मात्र याहून मोठं कारण वेगळंच आहे. ही जमीन गावाची आहे. आपल्याकडच्या गायरानासारखी. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनने सनद दिली, तिच्यात गावकऱ्यांचा इथे खेळण्याचा आणि गुरं चारण्याचा हक्क मान्य केला. पुढे कर्जात बुडालेल्या नगर परिषदेने १७९७ मध्ये ती हातची घालवली, ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात ती गेली, वर्षानुवर्षं भांडणं झाली, आणि १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती विकत घेऊन गोल्फ वाचवला. आज कारभार एका विश्वस्त संस्थेकडे आहे, त्यासाठी संसदेने १९७४ मध्ये कायदा केला. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून गावाचा रस्ता आडवा जातो, समुद्रावर निघालेली माणसं त्यावरून जातात. दोन दिवस आधी चिठ्ठीसाठी नाव द्यायचं, निघाली तर खेळायचं. माझी आतापर्यंत तीनदा निघाली आहे. जिथे चिठ्ठी काढून माझ्यासारखी बाई खेळते, तिथेच जगातले सर्वोत्तम खेळाडू खेळतात. पुण्यात जन्मलेला अनिर्बाण लाहिरी २०१५ मध्ये ज्या टीवर उभा राहिला, तिथे मी उभी राहिले आहे. ओपन इथून काढली तर स्पर्धेचा हा धागा तुटेल, आणि तो दुसरीकडे कुठे बांधता येणार नाही.

तक्रार मला आहे, ती वेगळी आहे. चेंडू लांब जातो म्हणून मैदान मागे मागे ढकलतात. सतराव्याची टी २०१० साठी सुमारे ४० यार्ड मागे नेली, इतकी की ती जुन्या मैदानाच्या हद्दीबाहेर गेली. २०२२ ला लांबी ७,३१३ यार्ड होती, २०२७ च्या ओपनसाठी ती ७,४४५ करायचं ठरलं. २०१५ च्या आधी रोड बंकर अर्धा मीटर रुंद केला, अकराव्या ग्रीनचा उतार कमी केला. एवढं करूनही त्या वर्षी शनिवारी अकराव्यावर वाऱ्याने चेंडू आपोआप हलू लागले आणि खेळ दहा तासांहून जास्त थांबवावा लागला. ग्रीनचं गवत थोडं वाढू दिलं असतं तर? मला वाटतं, खेळ चालला असता. २०२२ ला पहिल्या दिवशी फेऱ्यांना सहा तासांवर वेळ लागला, कारण चार-पाच होलवर लोक एकाच फटक्यात ग्रीन गाठत होते आणि मागचे ताटकळत होते. हे दुखणं चेंडूचं आहे. चेंडूचे नियम करणाऱ्या आर अँड ए संस्थेचं मुख्यालय याच गावात आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिने अमेरिकेच्या संस्थेबरोबर चेंडूचं अंतर कमी करण्याची घोषणाही केली. मला ती घोषणा ऐकून बरं वाटलं. ती लवकर अमलात यावी आणि तोवर कुदळ-फावडं खाली ठेवावं, एवढंच मागणं आहे. पाच-सहा वर्षांतून चार दिवसांसाठी गायरानाचे चढउतार बदलू नयेत.

तर तुम्ही २०२७ च्या जुलैत येणार असाल तर आत्ताच कळवा, घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत. शेवटच्या दिवशी सकाळीच निघू, सतराव्यापाशी जागा लवकर भरते. आणि त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी आलात तर तुम्हाला त्या चढावर उभं करीन, जिथून स्मिथने पटर चालवला. पायाखाली घेऊन बघा.