जामीन मंजूर, माणूस आतच

आज दिवसभर कच्च्या कैद्यांच्या रिमांडचे, म्हणजे कोर्टाने कोठडीत पाठवल्याच्या आदेशांचे, कागद चाळले, आणि पुन्हा तेच: तारीख कुणी मोजतच नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 नुसार ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवस, बाकी गुन्ह्यांत 60. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून, आणि तो दिवस धरून. रिमांड 1 मार्चला झाला, तर साठावा दिवस 29 एप्रिल. 30 तारखेला सकाळी कोर्ट उघडताच अर्ज द्या. दुपारपर्यंत थांबलात आणि तेवढ्यात दोषारोपपत्र दाखल झालं, तर हा हक्क गेला! वकील नसेल तर तोंडी मागितलं तरी चालतं.

दुसरी अडचण जामीन मिळाल्यानंतरची. ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार गरिबाने आणायचा कुठून? आदेशाची प्रत हातात, आणि माणूस बराकीतच. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय की सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात हमी भरता आली नाही, तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. नातेवाइकांनी त्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आदेशाची प्रत आणि कैदी नंबर द्यावा. तिथे वकील मोफत मिळतो.