बाळंतपणानंतर अंग खाली येणं, लघवी सुटणं : दुखण्यापेक्षा खिडकीनंच दमवलं (माझा अनुभव)

दुसऱ्या वेळी कळा लई वेळ चालल्या, शेवटी चिमटा लावून बाळ काढलं, टाके पडले, बाळ चांगलं. नंतर मात्र शिंक आली की लघवी सुटायची आणि वावरात दिवसभर उभं राहिलं की सांजेला खाली गोळा उतरल्यासारखं वाटायचं. सासूबाई म्हणे, "बाईच्या जातीले हे असतेच, मले बी होते." आशाताईनं मात्र अंगावर काढू दिलं नाही, दाखवायलाच लावलं.

आता खरी कटकट. सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी. आमची एसटी पोचेपर्यंत अर्धी ओपीडी संपलेली, लाईन पार गेटापर्यंत, आणि माझ्या मागंच आमच्या गावचे एक मामा गुडघा दाखवायले आलेले. खिडकीतला माणूस मान वर न करता विचारते, "काय होऊन राह्यलं?" मी म्हटलं बाईडॉक्टरला दाखवायचं आहे. "गरोदर आहे का?" नाही. "मंग काय होते ते सांगा ना बाई, मागं लोकं उभे आहेत." लोकं उभे आहेत म्हणूनच तर सांगता येत नाही ना बाप्पा! हळूच म्हटलं, लघवीचा त्रास. त्यानं ठोकून दिलं मेडिसिन. तिथं परत लाईन, लघवी तपासली, काही निघालं नाही, पाणी जास्त प्या म्हणून परत पाठवलं, तपासणी कोणी केलीच नाही. पुढच्या खेपेला हिंमत करून म्हटलं, अंग खाली येते. तर हा मोठ्यानं, "कुठून खाली येते?" मागं दोघं-तिघं खुसखुसले. असा राग आला की घरी येईपर्यंत कोणाशी बोलली नाही.

मंग आशाताईकडून चिठ्ठीच लिहून घेतली, "प्रसूतीनंतर अंग खाली येणे, लघवी सुटणे, स्त्रीरोग ओपीडी", आणि तोंडातून एक शब्द न काढता खिडकीत सरकवली. गुमान लिहून दिलं त्यानं! तुम्ही पण हेच करा. अन् हो, महिन्याच्या ९ तारखेला जाऊ नका, त्या दिवशी गरोदर बायांची मोठी तपासणी असते, आपला नंबर लागता लागत नाही.

आतल्या मॅडम चांगल्या होत्या. पडदा लावून झोपवलं, खोकायला लावलं, पाहिलं. म्हणे मूत्राशय, गर्भाची पिशवी, गुदाशय याला खालून धरणारे स्नायू खाटेच्या नवारीसारखे असतात, पोटातल्या वजनानं आणि बाळ निघताना ते ताणले जातात, कधी फाटतात. माझं सुरुवातीचंच होतं. मी भीत भीत विचारलं, पिशवी काढा लागते का, कारण आमच्याकडं तोच सल्ला आधी मिळते. तर म्हणे नाही, नुसती पिशवी काढून ढिले स्नायू घट्ट होत नाहीत. जास्त उतरलं असलं तर आत रिंग बसवतात, ऑपरेशन त्याच्यानंतरचं, तेही शक्यतो पुढं मूल नको असलं तर.

मला व्यायाम दिला. लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखं आत ओढायचं, जमेल तसं १० सेकंदांपर्यंत धरायचं, तेवढंच सोडायचं, असं ८-१० वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. श्वास रोखायचा नाही, ढुंगण आवळायचं नाही. लघवी करता करता तर करायचाच नाही. मी चूल पेटेपर्यंत बसल्या बसल्या करते, कोणाले समजत पण नाही.

बद्धकोष्ठ आणि जुना खोकला असला तर त्याचा इलाज आधी, जोर पडला की सगळं परत खाली. कापूस वेचणीला कमरेला बांधलेली ओटी मी आता अर्धी भरली की खाली करते, मुकादमीण बोलली तर बोलू दे. लघवी आता क्वचितच सुटते, जडपणा मात्र लई काम पडलं की जाणवतो.

एक राहिलंच, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, चिमटा, टाके सगळं त्यात लिहिलेलं असते. आणि शौच किंवा वारा रोखला जात नसला तर ते वेगळं सांगा, मागच्या बाजूचा स्नायू फाटलेला असू शकतो, त्याले नुसत्या व्यायामावर सोडू नका.